हिमानीच्या वाढदिवसाआधी दहा पिक्चर

सोमवार, ३ नोव्हेंबर. दुपार.
वरच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीचा बदला घ्यायचा. आज ठरलं.
सकाळी गेटपाशी चार बायांपुढं मला म्हणली, श्रेयानं यातला एकही नाही बघितला? मग तुम्ही मुलीला दाखवता तरी काय? बिल्डिंगच्या ग्रुपवर तिनं यादी टाकली होती, प्रत्येकानं बघायलाच पाहिजेत असे दहा पिक्चर. मी म्हणलं, कार्टून आमी बी बघतो. ती म्हणली, कार्टून नाही गं, ॲनिमेशन. बाया हसल्या. चार नंबरवाली सगळ्यात जास्त. तिचं नंतर बघते.
सोळा तारखेला तिच्या हिमानीचा वाढदिवस. ह्या दहा पिक्चरवर लेकरांना प्रश्न विचारणार, पहिल्या नंबराला बक्षीस. श्रेया पहिली येणार. साडेचार वर्षांची हाय, पण डोकं माझ्यावर गेलंय. बक्षीस प्रमोदिनीच्याच हातून घ्यायचं. मी मागं उभी राहून नुसती बघणार. बोलले तर एकच वाक्य. ते अजून सुचलं नाय.
श्रेयाच्या पप्पाला चितेगावच्या कंपनीतून डायरी भेटली, तिच्यात लिहिते. शिक्षण आठवी. बदल्याला आठवी पुरती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
पहिला पिक्चर खारीच्या पिल्लाचा. लई गोड. दहाव्या मिनिटाला पूर आला आन् पिल्लाची आई वाहून गेली.
मी टीव्हीपुढं आडवी झाले, ओढणी पसरली. श्रेया म्हणली, खारूताईची आई कुठं गेली? मी म्हणलं, भाजी आणायला. ती म्हणली, एवढ्या पाण्यात? मी म्हणलं, मेथी लवकर संपती.
मधलं सगळं पुढं ढकललं, शेवटचं गाणं दाखवलं. एक झाला, नऊ राहिले.
मी काय भ्याले नाय. लेकरू भिईल म्हणून केलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
दुसरा, उंटाचं पिल्लू. वाळूचं वादळ आलं. उंटीण भाजीला गेली. श्रेया म्हणली, वाळूत भाजी मिळती व्हय? मी म्हणलं, बाजार लांब असतो तिथं.
ही यादी प्रमोदिनीनं मुद्दाम काढलीय. मला भेवडायला. वर बसून हसत असंल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
टीव्हीवरून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या, मगच लावला. मिरचीचा ठसका आला नाय, म्हणजे नजर जबर होती.
आज चहाच्या किटलीचा पिक्चर. म्हणलं बरं झालं, किटलीला कुठली आई. होती. दहाव्या मिनिटाला फुटली. श्रेया माझ्याआधीच म्हणली, भाजीला गेली ना?
बघा, हुशार हाय का नाय.
माझी आई गेली तव्हा मी एवढीच होते. मला सांगितलं, मामाच्या गावाला गेली. मला काय झालं? काय नाय झालं. मामाच्या गावाला मी जात नाय, ते एसटी लागती म्हणून.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
नळाला पाणी आलं. आठव्या दिवशी. बदला बंद.
माझा ड्रम मुद्दाम जिन्यात आडवा लावला, प्रमोदिनीला जाता येऊ नये. तिनं तो उचलून माझ्या दारात ठेवला, वरून दोन हंडे भरून दिले. म्हणली, तुझी पाठ दुखते ना. चार बायांना दाखवायला केलं. हंडे वापरले. पाण्याशी काय दुश्मनी नाय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
दहाचे दहा संपले. हिमानीला म्हणे महिना लागला होता. आमचं आठ दिवसात, त्यात एक दिवस पाण्याचा.
श्रेयाचे पप्पा म्हणले, अगं पूर्ण तरी दाखव, लेकराला गोष्ट कळंना. कंपनीत बोल्ट मोजणाऱ्याला पिक्चरमधलं काय कळतंय.
वाक्य सुचलं. ‘आमच्या घरी असंच असतं.’

रविवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळ.
प्रमोदिनीनं विचारलं, खारीचं पिल्लू घर सोडून का निघालं? पहिला हात श्रेयाचा. उभी राहिली, हात मागं बांधले, म्हणली, आई भाजी आणायला गेली म्हणून.
पोरं हसली. पुढचा प्रश्न, उंटाचं पिल्लू एकटं कसं पडलं? श्रेया म्हणली, आई भाजीला गेली. किटलीचं विचारलं. भाजीला. हिमानी म्हणली, किटलीला पिशवी धरता येती का? चार नंबरवालीनं तोंडात पदर कोंबला.
प्रमोदिनी हसली नाय. माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मी लिहून ठेवते, त्याचा बी बदला घेणार.
बक्षीस हिमानीच्या मावसभावाला. श्रेयाला रंगपेटी दिली, दहाही वेळा हात वर केला म्हणून. दहाला दहा म्हणजे पहिलीच. तिथं सगळे गडबडीत होते म्हणून वाक्य बोलले नाय.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
सकाळी खिळ्यावरून पिशवी काढली. श्रेयानं पिशवी बघितली आन् माझ्या पायाला मिठी मारली. भाजीला नको जाऊ. रडून रडून ओकली.
मी म्हणलं, अगं लगेच येते. म्हणली, भाजीला गेलेली आई येत नाय. मी म्हणलं, येतात की. ती म्हणली, कुठल्या पिक्चरमधी?
दहाच्या दहा आठवून बघितले. एकात बी नाय.
गेले नाय. खिचडी केली.

बुधवार, १९ नोव्हेंबर.
तिसऱ्या दिवशी खिचडी. श्रेयाचे पप्पा म्हणले, मी आणतो. डबल शिफ्ट करून येतात, तव्हर हातगाडे उठलेले असतात.
पिशवी पलंगाखाली लपवली. श्रेयाला सापडली. आता ती पिशवीवर बसूनच जेवती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.
प्रमोदिनी दारात. हातात मेथी, वांगी. म्हणली, श्रेयानं हिमानीला सगळं सांगितलं, तू घरीच थांब, मी रोज जातेच आहे. मी जुडी उलटीपालटी करून बघितली. मेथीच्या जुडीत दोन काड्या पिवळ्या होत्या. मुद्दाम आणली असणार.
जाताना म्हणली, उद्या काय आणू? मी म्हणलं, कोथिंबीर.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. सकाळी साडेदहा.
प्रमोदिनी भाजीला गेली की श्रेया खिडकीत बसती, ती गेटातून आत येईपर्यंत. मी बी बसते. दुश्मनावर नजर ठेवायला पाहिजे.
आज गेली नऊला. अजून आली नाय. फोन लावला, उचलंना. श्रेयानं माझा गाऊन मुठीत धरलाय. दोनदा गेटापर्यंत जाऊन आले, चपला उलट्या घातल्या होत्या ते नंतर दिसलं.
माझा सगळा बदला राहिलाय. तिनं असं करू नये.

पावणेअकरा.
आली. मटार स्वस्त होता म्हणून थांबली म्हणे. तिच्याबरोबर बसून सोलले.