मागच्या फाटकाचा थांबा

२ सप्टेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर कोण कोण ऐकत असतं याचा भरवसा नाही. पाकीट शाबूत मिळालं का ते आधी कळव. कोपरा उकरलेला दिसला तर तेही कळव.

बातमी अशी, की मला नगरपालिकेच्या बसथांबा समितीवर घेतलंय. वाचनालयाच्या भिंतीवर कागद लावला होता, की शहराच्या निरनिराळ्या समित्यांवर काम करायला नागरिक हवेत, पगार नाही, चहा मिळेल. मी अर्ज टाकला तो नुसता बघायला, की पुढे काय करतात. दहा दिवसांत निवडीचं पत्र हजर. ताई, एकतीस वर्षं बस चालवली, तेव्हा कुणी मला साधं विचारलं नाही की बाबा रे, या वळणावर तुझी गाडी वळते का. आता घरी बसलो तर एकदम सात जणांत मी. कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिल्याच बैठकीत अंदाज आला. इस्पितळाच्या मागच्या फाटकापाशी माझ्या मार्गावरचा थांबा आहे ना, तो उचलून पुढच्या फाटकाशी न्यायचा घाट आहे. म्हणे मागची गल्ली अरुंद. अरुंद आहे, मला का माहीत नाही. पण उपचारांच्या सगळ्या खोल्या मागच्या बाजूला आहेत. पुढून यायचं तर चढ चढून दहा मिनिटं, तीही धडधाकट माणसाला. दारापाशी जो आरसा असतो त्यात ड्रायव्हरला उतरणाऱ्याची पावलं तेवढी दिसतात. त्या थांब्यावर मी काय काय पावलं बघितली आहेत ते मला विचार. सुजलेली, पट्टी बांधलेली, एकाच पायात चप्पल घातलेली. तो थांबा मी हलू देणार नाही.

समितीत एक चष्मेवाला आहे. त्याचं चष्म्यांचं दुकान नेमकं पुढच्या फाटकासमोर. माझ्याशी भलताच गोड बोलतो. मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे.

अर्जात एक प्रश्न होता, की समितीपुढच्या विषयात तुमचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा काही संबंध आहे का. असला तर त्या विषयापुरतं बाहेर जायचं, मत द्यायचं नाही. मी ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं. माझं आहे कोण? ही गेली, मूलबाळ नाही, आणि तू तर दोन वर्षांत इकडे फिरकली नाहीस. मला कुणी कुठे पकडू शकत नाही.

लोभ जसा आहे तसाच ठेव, आणि हे पत्र वाचून झालं की कपाटात ठेव, बाहेर नको.

तुझा धाकटा


७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाकीट शाबूत मिळालं. इतका डिंक थापला होतास की उघडताना आतला कागद फाटला आणि चष्मेवाल्याच्या ओळीला भोक पडलं. तरी वाचलं.

तुला का निवडलं, यात काळंबेरं काही नाही. शहरातला एक तरी माणूस असा हवा ना, ज्याला रस्ते पाठ आहेत. पण तुझ्या डोक्यात शंका शिरली की ती भाडेकरूसारखी ठाण मांडून बसते. तुझे दाजी आजारी होते तेव्हाची गोष्ट विसरलास का? सलाईनच्या प्रत्येक बाटलीवरचं नाव तू वाचायचास, मग वॉर्डातल्या डॉक्टरांशी हुज्जत घातलीस, की बाटली बदलली. शेवटी त्यांनी तुला खाली पाठवलं आणि मला वर एकटीला बसावं लागलं. समितीत तसं करू नकोस. थांब्यासाठी जरूर भांड, ते काम चांगलं आहे, मनापासून सांगते. फक्त माणसांना चोर ठरवू नकोस. चष्मेवाले काही सगळे वाईट नसतात. काही फार आपुलकीने नंबर तपासतात.

माझं बरं चाललंय. शिवणाची कामं हल्ली थोडी कमी घेते. तू वेळेवर जेव, आणि रागावलास तर आधी पाणी पी.

माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो हे ध्यानात असू दे.

तुझी ताई


१८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणतेस शंका घेऊ नकोस. आता हे वाच आणि मग सांग.

थांबा किती लोक वापरतात याची नोंद समितीपुढे ठेवायची म्हणून मी वही घेऊन समोरच्या बाकावर बसतोय. सोमवारपासून रोज, सकाळी आठ ते दोन. काल गुरुवारी दहा दहाच्या गाडीतून एक बाई उतरली. तिने मला पाहिलं, आणि लगेच छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री डोक्यावर धरावी की नाही? हिने तोंडासमोर आडवी धरली, दारावर पडदा लावतात तशी, आणि फाटकातून आत गेली. दीड वाजता बाहेर आली ती पुन्हा छत्रीआडच. गाडी येईपर्यंत खांबाला टेकून उभी होती, मला पाठ करून.

चष्मेवाल्याने माझ्यावर पाळत ठेवायला बाई लावलीय, दुसरं काय. चेहरा दिसला नाही, पण पावलं बघून घेतली, ती सवय जात नाही. तपकिरी चपला, डाव्या चपलेचा पट्टा हिरव्या दोऱ्याने शिवलेला. चालताना अडखळत होती, तेही सोंग असेल. पुढच्या गुरुवारी मी तिला सरळ अडवून विचारणार आहे, की बाई, तुला कुणी पाठवलं?

तुझा आशीर्वाद पाठीशी राहू दे, मागून कोण येतंय ते मी बघतो.

तुझा धाकटा


२१ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय, म्हणजे गुरुवारच्या आत मिळेल. भर रस्त्यात कुठल्याही बाईला अडवायचं नाही. तुला माझी शपथ. इस्पितळात शिरते आणि तीन तासांनी टेकत टेकत बाहेर येते, ती पेशंट नसेल तर कोण असेल? माणसाला कधी कधी तोंड दाखवावंसं वाटत नाही, त्याला कारणं असतात. नोंदच हवी तर गुरुवार सोडून बाकीचे दिवस बस.

एवढं माझं ऐक.

तुझी ताई


६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शपथ मोडली नाही, पण त्या गुरुवारी, नोंदीच्या शेवटच्या दिवशी, बाकावर मात्र बसलो. छत्रीवाली आलीच नाही. उघडी पडली म्हणून घाबरली असणार.

आता खरी गोष्ट ऐक, आणि बसून वाच. काल बैठक होती. थांब्याचा विषय निघाला तसा चष्मेवाला उठला. म्हणाला, की माझं दुकान पुढच्या फाटकाशी आहे असं मी अर्जात लिहिलंय, तेव्हा मत घ्यायच्या वेळी मी बाहेर जाईन. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, की तुमच्या ताई दर गुरुवारी त्या थांब्यावर उतरतात, तर तुम्हालाही तसं लिहावं लागेल ना. ताई, माझं डोकंच फिरलं. भर बैठकीत मी त्याला खोटारडा म्हणालो. सांगितलं, की माझी बहीण दोन वर्षांत या शहरात आलेली नाही. अध्यक्षबाईंनी विषय दोन आठवडे पुढे ढकलला आणि चिटणीसांनी सगळं लिहून घेतलं.

डाव तुझ्या लक्षात आला का? मी बाहेर गेलो की थांबा गेला. तो गेल्यावर आम्ही तिघं थांब्याच्या बाजूचे, दोघं विरुद्ध, एकाचं कधीच ठरत नाही; मीही गेलो तर दोघांना दोघं, आणि सगळं त्या एकावर. तेव्हा एक काम कर. तुझ्या हाताने चार ओळी लिहून पाठव, की मी त्या थांब्यावर कधी उतरलेले नाही. तारीख घाल, सही कर. एकोणीस तारखेला मी ते पत्र त्याच्या तोंडावर वाचणार आहे. साऱ्या जगात मी एका तुझ्याच शब्दाची खात्री देऊ शकतो.

उत्तर लगेच धाड.

तुझा धाकटा


१० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चार ओळी लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. मला तसं लिहिता येणार नाही.

छत्रीवाली मी आहे.

सहा महिन्यांपासून दर गुरुवारी येते. माझ्या अंगात रक्त नीट तयार होत नाही. तीन तास बाटली लावतात, मग पुढचे सहा दिवस बरे जातात. वर्षभर तरी घ्यावं लागेल असं म्हणतात. तुला कळवलं नाही, कारण तू येशील, बाटल्या वाचशील, नर्सला चोर ठरवशील, आणि तुला पुन्हा खाली पाठवतील. मला तिथे शांत पडून राहायचं होतं. तुझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर येऊन तुला न भेटता परत जायचे, तेव्हा गाडीत रडू यायचं, हेही सांगून टाकते.

चष्मेवाल्याला मीच सांगितलं. नंबर वाढला म्हणून रिक्षा करून त्याच्या दुकानात गेले होते. त्याने काच बदलता बदलता विचारलं, की तुमचं इथे कुणी आहे का. मग माझं तोंड काही थांबेना. माझा भाऊ थांब्यांच्या समितीवर आहे, मी उतरते तोच थांबा वाचवायला भांडतोय, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सहा महिन्यांत तुझं नाव घ्यायला मिळालेलं ते पहिलंच माणूस. त्याने खोटं काही सांगितलेलं नाही.

त्या गुरुवारी मी आले नाही. शपथ घातली तरी तू बाकावर असशील, हे मला ठाऊक होतं. त्या आठवड्यात घरात दोनदा चक्कर येऊन पडले. शेजारणीने उचललं. आता बरी आहे.

रागाव हवं तेवढं. पण अर्जातलं ते 'नाही' दुरुस्त कर.

तुझी ताई


२० ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हापासून काही सुचत नव्हतं. गेल्या गुरुवारी थांब्याकडे यायचाही धीर झाला नाही. राग आला, तुझा नाही, माझा. ज्या थांब्यासाठी मी महिनाभर तावातावाने बोलत होतो, त्याच थांब्यावर वही घेऊन बसून मी तुला उतरू दिलं नाही. तू घरात पडलीस ती माझ्यामुळे. हे कुणाच्या माथी मारायचं ते मला सापडलेलं नाही, आणि शोधतही नाही.

काल बैठकीत उभा राहिलो. अर्जातलं 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, चष्मेवाल्याची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि बाहेर गेलो. तोही माझ्या मागोमाग बाहेर आला. काल आम्ही पाचच जण हजर होतो, त्यातले दोघे गेल्यावर आत तीन उरले, आणि नियमाला चार लागतात. अध्यक्षबाईंनी दार उघडून विचारलं, की नुसतं मोजणीपुरतं एकाने मागे येऊन बसाल का. आम्ही दोघांनीही नाही म्हटलं. नियम तो नियम. विषय पुढच्या महिन्यावर गेला. त्या बैठकीत बाहेरच्या माणसालाही तीन मिनिटं बोलता येतं. मी चिटणीसांना तुझं नाव दिलंय. न विचारता दिलं, तेवढं चालवून घे. मी दाराबाहेर बसेन. दार नीट लागत नाही, आतलं ऐकू येतं.

चष्मेवाला अर्धा तास माझ्या शेजारी बाकावर बसला होता. त्याच्या तोंडून काही निसटतंय का म्हणून कान देऊन होतो. त्याने एवढंच सांगितलं, की तू फार वेळ माझ्याबद्दल बोलत होतीस आणि सगळं चांगलंच बोललीस. त्याची अडचण वेगळीच आहे. मागच्या थांब्यावरून पेशंट त्याच्या दुकानापर्यंत चालत येऊ शकत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा तोच आत जाऊन त्यांचे नंबर तपासतो. यात त्याचा काय फायदा, ते मी अजून शोधतोय.

घरी येऊन जुना खाकी शर्ट काढला. त्याचं गळ्याजवळचं बटण तू हिरव्या दोऱ्याने लावलं होतंस, त्यावरून आगारात सगळे मला हसले होते. दोरा तुझा, टाका तुझा, आणि तुझ्या पायातली चप्पल मी ओळखली नाही.

हे पत्र उद्या मिळेल. परवा गुरुवार. दहा दहाच्या गाडीने ये. मी थांब्यावर असेन, वही घरी ठेवून. तू छत्री घरी ठेव. एकतीस वर्षं उतरणाऱ्यांची पावलं बघितली, परवा तुझं तोंड बघायचंय.

लोभ तर आहेच. थोडा रागही शिल्लक ठेवलास तरी चालेल, तो मी कमावलाय.

तुझा धाकटा

ता. क. डॉक्टरांना एक अक्षर विचारणार नाही. बाटलीवरचं नाव तेवढं वाचेन, दारातूनच.