घरचं बियाणं

प्रिय मयूर,

दर्शना काल रचनाला घेऊन ठाकुर्लीला माहेरी गेली आणि तू कल्याणला गोपीनाथमामाकडे जाऊन बसला आहेस. फोन उचलत नाहीस. उचललास तरी माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून लिहिते आहे. हे पत्र तुला मधेच अडवता येणार नाही.

मामाला तू वेगळंच काहीतरी सांगितलेलं दिसतंय. त्याच्या मते नवराबायकोची ‘किरकोळ बोलाचाली’ झाली. किरकोळ? रचना ज्या टेस्ट ट्यूब सेंटरच्या उपचाराने झाली, तिथे तुमचे तीन भ्रूण अजून गोठवून ठेवलेले आहेत. ते संशोधनाला द्यायचे असं दर्शनाने दिवाळीतच तुझ्यासमोर, माझ्यासमोर सांगितलं होतं. तू हो-नाही काहीच बोलला नाहीस. मग परवा ‘फ्रीझिंगची मुदत वाढवायची सही आहे’ म्हणून तिच्याकडून एक कागद सही करून घेतलास. ती पोळ्या लाटत होती. पिठाचा हात पुसून तिने सही केली, वाचलं नाही, कारण कागद पुढे करणारा तू होतास. सेंटरवाल्यांनी खात्री करायला तिला फोन केला म्हणून कळलं, की तो कागद भ्रूण कल्याणच्या त्या इंजेक्शनवाल्याच्या ताब्यात देण्याचा होता. त्यांच्यापासून पेशी काढून तुझ्या बाबांना टोचणार होते. अरे, तू कोणाला फसवलंस याची तुला शुद्ध आहे का?

तो इंजेक्शनवाला मला ठाऊक आहे. रिक्षांच्या मागे त्याची जाहिरात असते, गुडघेदुखी, पक्षाघात, कंपवात, सगळ्यांवर एकच इलाज. बाबांच्या हातातला चहाचा कप हलायला लागला तेव्हापासून तुझी झोप उडाली, हे मी पाहिलं आहे. मिठागरात पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून पळणारा माणूस आता शर्टाचं बटण लावायला थांबतो, ते तुला बघवत नाही. मलाही बघवत नाही. पण मी त्यांना कोणाच्याही सुईपुढे बसवलं नाही. तू ‘फिजिओथेरपीला नेतो’ सांगून त्यांना तिथे दोनदा नेलंस आणि त्याच्याकडची कसलीशी तयार इंजेक्शनं टोचून आणलंस. दुसऱ्या वेळी त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि तू म्हणालास, एसीचा त्रास झाला.

मी बी.एस्सी. झाले आणि कोलशेतच्या औषध कंपनीत तपासणी विभागात नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. तिथे एकच शिस्त होती. ज्या कुपीवर बॅच नंबर नाही ती पुढे जात नाही, मग मालक स्वतः येऊन उभा राहो. आपल्या फ्रिजमध्ये, कोळंबीच्या डब्यामागे, मला तिसऱ्या इंजेक्शनची कुपी सापडली. तिच्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना बॅच, ना मुदत. नुसतं निळ्या शाईत ‘परशुराम’. माझ्या नवऱ्याचं नाव हेच त्या औषधाचं लेबल! मी तडक कल्याणला त्याच्या दवाखान्यात गेले. आत काय आहे विचारलं तर म्हणाला, “मावशी, विश्वास ठेवायचा. गुण विश्वासानेच येतो.” मी म्हटलं, विश्वास मी देवळात ठेवते, फ्रिजमध्ये नाही. मग म्हणाला, “घरच्याच भ्रूणाच्या पेशी असल्या की शरीर लगेच स्वीकारतं.” हे तद्दन खोटं आहे. आणि तेच खोटं तू गिळलंस.

का गिळलंस, तेही मला माहीत आहे. दर्शना संशोधनाचं बोलली तेव्हा तू माझ्याजवळ पुटपुटला होतास, “घरचं बियाणं परक्याला का द्यायचं?” हे आपल्या गावात सगळेच बोलतात. तुझ्या आज्याने दवाखान्यासाठी म्हणून खाडीकडची जमीन सोडली आणि आज तिथे कोणाचं तरी क्लबहाऊस उभं आहे. तेव्हापासून या घरात ‘लोकांच्या कामासाठी’ हे शब्द उच्चारले की माणसं उठून जातात. तो राग खरा आहे, मलाही आहे. पण भ्रूण म्हणजे सातबाऱ्यावर चढवलेला तुकडा नव्हे. ते जितके तुझे, तितकेच दर्शनाचे. आणि बाबांचे तर मुळीच नाहीत.

तुझी आत्या म्हणते, संशोधनाला देणं म्हणजे जीवहत्या. मी तिच्याशी भांडले नाही. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनही जीव नेमका कुठे सुरू होतो ते मला सांगता येत नाही. ज्याला नको वाटतं त्याने देऊ नये, कायदाही तेच म्हणतो. दोघांची संमती हवी, विक्री नको, नोंदणी झालेल्या संस्थेलाच द्यायचं, चौदा दिवसांपलीकडे प्रयोगशाळेत वाढवायचं नाही. आणि अशा पेशींचा इलाज अजून कुठेही दुकान मांडून विकायचा नाही, चाचणी असेल तर ती मंजुरी घेऊन, रोग्याला सगळं समजावून. नियम चांगले आहेत. फक्त ते पाळले जातात का हे बघायला कोणी रिक्षाच्या मागे चाललेलं नसतं. म्हणून त्या माणसाचं फावतं, आणि तुझ्यासारखे शिकलेले मुलगे बापाच्या प्रेमाने आंधळे होऊन त्याच्या दारात उभे राहतात.

दर्शना जाताना बॅग भरत होती, रडत नव्हती. म्हणाली, “आई, मी द्यायलाच निघाले होते हो. बाबांसारख्या कोणाला तरी पुढे उपयोग होईल म्हणूनच ना? मग माझ्याकडून चोरायची काय गरज होती?” याचं उत्तर तू ठाकुर्लीला जाऊन दे.

रात्री मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो. म्हणाले, “मना इचारला कोनी?” बस, एवढंच. तू बायकोला विचारलं नाहीस आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलंस त्यालाही विचारलं नाहीस.

आता हे पत्र लिहिण्याचं खरं कारण. मी त्या इंजेक्शनवाल्याविरुद्ध तक्रार केली आहे. तक्रारीत रोग्याला तिथे कोणी नेलं हे विचारतात. मी तुझं नाव लिहिलं. पेन थांबलं, पण लिहिलं. माझ्या टेबलावरून बिननंबरची कुपी कधी पुढे गेली नाही, ती कोणाच्याही नावाची असो, आणि आता मुलगा आहे म्हणून जाऊ देणार नाही. तुला चौकशीला बोलावतील. ते परक्या माणसाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. खरं तेच सांग. त्याआधी सेंटरला जाऊन तुझी सही मागे घे. पुढे भ्रूण द्यायचे, ठेवायचे की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा, मी त्यात बोलणार नाही. घरी ये. जेवण झाकून ठेवलेलं असेल, बोलणं मात्र ऐकून घ्यावं लागेल.

तुझीच,
आई

महापालिकेच्या आरोग्य विभागात आज माझ्या हातांनी दिलं ते असं: इंजेक्शनची भरलेली कुपी, बॅच नंबर नसलेली, रचनाच्या शाळेच्या थर्मासमध्ये बर्फ घालून. रिक्षामागच्या जाहिरातीचा फोटो. माझी तक्रार. आणि तुझ्या बाबांचा जबाब. त्यांना सोबत नेलं होतं. तिथले साहेब अंगठा चालेल म्हणाले. बाबा नाही म्हणाले. सही वाकडी आहे, पण त्यांची आहे.