ह्यांच्या पाठीची गोळी

११ नोव्हेंबर
हे दुपारी बोटीवरून आले ते वाकडेच. जाळं ओढताना पाठीत उसण भरली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. एक घेतली नि तासाभरात स्वारी अंगणात, पोरीबरोबर लंगडी घालायला! किती दिवसांनी असे खळखळून हसले.

२९ नोव्हेंबर
पाच दिवस कधीच संपले. "मंजू, बोईसरवरनं एक पाकीट आन ना." मी बाजारात मासळी घेऊन बसते तिथं समोरच मेडिकल. ओळखीचा आहे, चिठ्ठी मागितली नाही. बोंबलांचा चांगला वाटा दिला, पाकीट मिळालं. ह्यांच्यासाठी एवढं करायला काय जातं!

१७ जाने.
आता सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पाठ दुखते का विचारलं तर, "दुखत नाय, पन दुखंल म्हनून." वर लाडीगोडी, "तुज्या हातचीच लागू पडते." मी पण वेडी, विरघळले.

८ मार्च
दोन दिवस बाजारात गेले नाही, गोळ्या नाहीत. सकाळपासून ह्यांना जांभया, नाक गळतंय, घाम, पोट बिघडलेलं. सर्दी समजून काढा दिला, तर दोन घोट घेऊन पेलाच भिरकावला. बारा वर्षांत पहिल्यांदा. दुपारी सासूबाई पालघरहून मासळी विकून आल्या आणि अर्ध्या तासात हे ठणठणीत. मागून येऊन म्हणाले, "चुकलं माजं." मी काढ्याचं कौतुक करत बसले.

२१ एप्रिल
ह्यांची उशी उन्हात टाकायला उचलली. खोळीत गोळ्यांची पाकिटं, दोन तऱ्हेची. एक माझं. दुसरं?
सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "मीच आनते पालघरहून. तो म्हनला, मंजूला सांगू नको, ती घाबरते."
आणि मला म्हणाले होते, आयेला सांगू नको, ती जिवाला लावून घेते. त्या पण मासळीवरच आणायच्या, तेही पापलेट देऊन! मी आपली बोंबलांवर भागवत होते. दोघी हसलो, मग दोघी रडलो. चार माझ्या, चार त्यांच्या. दिवसाला आठ गोळ्या जात होत्या पोटात आणि दोघींना वाटत होतं, आपण माया करतोय.

२२ एप्रिल
विचारलं. आधी भडकले, "मी काय गर्दुल्ला हाय? डॉक्टरानंच दिली ना?" मग बराच वेळ जाळं विणत बसले. मान वर न करता म्हणाले, "मला थांबताच येत नाय, मंजू." मी शेजारी बसले. त्यांचा हात धरून ठेवला. माझा जीव आहे ह्या माणसावर.

४ जून
पावसाळी मासेमारीची बंदी लागली, बोट वर ओढली. तिघं सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, म्हणाल्या. हळूहळू उतरवायच्या, गोळ्या घरातल्या एकानंच सांभाळायच्या. सासूबाईंनी कनवटीला लावल्या. चाळीस वर्षांचा बाप्या आईपुढं हात पसरून उभा! पोरगी हसली, हेही हसले.

१९ जुलै
दोनवर आलोय. पण काल सासूबाईंनी एक जास्तीची दिली. "त्याचं त्वांड बघवंना गो." मी खूप बोलले. नंतर वाईट वाटलं. माझ्याकडे असत्या तर मी परवाच दिली असती.

१० ऑगस्ट
काल दर्याला नारळ दिला. उद्या बोट निघणार, आठ दिवसांची खेप. रोजची एक गोळी अजून आहे. बोटीवर ती ह्यांच्याच खिशात ठेवायची म्हटलं तर कठीण. मी म्हटलं, तांडेलाकडं द्या, बोट त्याच्याच हुकमावर चालते, रोज एक देईल. "त्याला काय सांगू? बोटीवरली पोरं हसतील माज्यावर." दुपारी जेवले नाहीत. चार वाजता उठले, सदरा घातला, म्हणाले, "जातो, सांगतो तांडेलाला."
आता सहा वाजले. तांडेलाचं घर पाच मिनिटांवर. पण त्याच वाटेवर पुढं नवीन मेडिकल झालंय.
सासूबाई विचारतात, "जाऊन बघू काय?"
म्हटलं, नको आई. सांगतो म्हणालेत ना.
दोघी दारातच बसलोय.