काडी कोणी ओढली

चि. लॅम्बर्ट,

तुझी कादंबरी वाचली. नेब्रास्काचं माळरान, मातीच्या ढेपांचं घर, छतातून ताटात पडणारा साप, सगळं झकास. पण वणव्याच्या प्रकरणात तुझी आजी जपमाळ धरून रडते आणि आजोबा घर वाचवतात, हे कुठून आणलंस? तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. मी दारातच उभी होते.

गुडघे टेकून बसले होते ते तुझे आजोबा, माझे बाबा. वणवा टेकडी उतरत होता. तो यायच्या आत घराभोवतीच्या नांगरटीपलीकडचं गवत आपणच जाळलं, तर त्याला खायला काही उरत नाही, हे माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तिथेच बाबांच्या वैरणीच्या गंजी होत्या.

"थांब, वारा फिरेल," बाबा म्हणाले.

"गंजी पुन्हा रचता येतील, पोरं नाही," आई म्हणाली आणि तिनं काडी ओढली.

संध्याकाळी काळ्या माळावर आमचं घर तेवढं उभं होतं. बाबा कुरकुरले, "निदान विचारायचंस तरी."

"तुम्ही देवाशी बोलत होतात. मध्ये कशी बोलू?"

नन्सच्या शाळेत मी पुष्कळ प्रार्थना शिकले, मला त्यांची लाज नाही. पण आईची काडी बाबांच्या हातात दिलेली चालणार नाही. हे पत्र टपालात टाकत नाही, कारण तू ते खणात टाकशील. रविवारी गावच्या वाचनालयात तू तेच प्रकरण वाचणार आहेस. मी पहिल्या रांगेत असेन. बाबा काडी ओढायला लागले की मी हे पत्र वाचायला उठून उभी राहीन.

तुझी आत्या,
ओटिलिया