तीन नंबरचा घोडा

माय, तुझी नात घोड्यावरून पडली. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला नीट ऐकता येईल. ती बरी आहे. आतल्या खोलीत झोपली आहे, गळ्यात पट्टा आणि पट्ट्यात हात. तू तिला पाहिलंच नाहीस. तू गेलीस तेव्हा ती माझ्या पोटात होती, आणि लोक मला सांगत होते की अशा दिवसांत जास्त रडू नये. अंगानं ती तुझ्यावर गेली आहे. तशीच बुटकी, तशीच चिवट, हनुवटी पुढं काढून बोलणारी. कॉलेजात एनसीसीत तिला घोडा मिळाला आणि तेव्हापासून आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात दारामागं चिखलाचे बूट असतात, धुवायच्या कपड्यांना तबेल्याचा वास असतो. मी कचेरीत जाणारी बाई. घोडा मी वरातीत पाहिला होता, तोही लांबून.

या हिवाळ्यात मौद्याच्या रस्त्यावर एका मोठ्या माणसाच्या शेतावर घोड्यांची शर्यत होती. तू बैलांच्या शर्यतीचे शंकरपट पाहिले होतेस. धूळ, आरोळ्या, बैलांच्या शेपट्या पिरगाळणारी माणसं. हे तसं नव्हतं. पांढरे मंडप, हिरव्या गालिच्यासारखं गवत, गाड्या लावायला गणवेशातली माणसं, आणि पुण्यामुंबईहून आलेल्या बाया, डोक्यावर परडीएवढ्या टोप्या घालून. शेवटची शर्यत मुलींची होती. तिला शिकवणारे सर आहेत, त्यांनी तिचं नाव दिलं होतं. तिची पहिलीच शर्यत.

त्या दिवशी सकाळी मी पोहे केले, तर तिनं अर्धं केळं खाल्लं आणि ताट सारलं. "आई, वजन करतात तिथं. खोगिरासकट." मी म्हटलं, "उपाशी पोटी घोड्यावर बसशीन काय?" ती हसली. म्हणाली, "तू येऊन राहिली तं ये, पण रडू नको वं." मी म्हटलं, "मी काहून रडू?" ह्यांनी मात्र येणार नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं. वीज केंद्रातली ड्यूटी बदलून मिळाली असती, पण त्यांनी मागितलीच नाही. "तू जा," म्हणाले, "मले नाही पाहवत." मलाही पाहवणार नव्हतं, पण दोघांपैकी एकानं तरी तिथं असायला हवं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा तू आठवलीस.

दादाला कालव्यानं नेलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. पारशिवनीकडचं ते आपलं घर, चुलीपुढं बसलेली तू, आणि तुझ्याभोवती आत्या, काकू, शेजारच्या. महिनाभर तू बोलली नव्हतीस. मग पुढच्या उन्हाळ्यात तू मला हाताला धरून त्याच कालव्यावर न्यायला निघालीस, पोहायला शिकवायला. आत्या दारात आडवी झाली. "एक लेकरू गिळलं पाण्यानं, आता पोरीले नेतं? बाई हाये का दगड?" तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस, हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "पाणी तं तिथंच राहीन. पोरीले त्याच काठानं शाळेत जा लागते." एवढंच. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची ती उंच बाई आठवते? तिनं माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि मला पाण्यात लोटलं. मी किंचाळत काठाला आले, तुझ्या लुगड्याला धरलं, तर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "भेव वाटते तं वाटू दे. पाय हालव." पूर्ण उन्हाळा तू त्या काठावर उभी होतीस. ज्या दिवशी मी डब्याशिवाय पलीकडे गेले, त्याच्या पुढच्या बाजारातून तू मला लाल चपला आणल्यास. मी त्या चपला उशाशी घेऊन झोपले. तू काठावर उभी असताना तुझ्या पोटात काय होत होतं, हे मी कधी विचारलं नाही. सुचलंच नाही. तू गेल्यावरही कितीतरी वर्षं मला वाटत होतं की तुला भीतीच वाटत नसावी.

तर त्या मंडपात मी बसले होते, सगळ्यात चांगली सुती साडी नेसून. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, डोक्यावर जांभळी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. बोलायला मोकळी. दर शर्यतीच्या आधी ती स्वारांच्या कपड्यांच्या रंगावरून आपला घोडा ठरवायची आणि तो मागं पडला की स्वतःच हसायची. "तुम्ही पहिल्यांदा आलात ना? मग मजा करा हो, एवढं काय गंभीर बसलात!" मी हसल्यासारखं केलं. तेवढ्यात घोडे सुटले. माय, दुरून ते सुंदर दिसतात. समोरून जातात तेव्हा पायाखालची जमीन थरथरते, ती थरथर खुर्चीतून कमरेत चढते. आणि त्यांच्या बाजूनं, कठड्याच्या आतून, एक पांढरी ॲम्ब्युलन्स तेवढ्याच वेगानं धावत होती. मी त्या बाईचा हातच धरला. "ही कोणाला घेऊन चालली?" ती म्हणाली, "कोणालाच नाही. ती दर रेसच्या मागे पळते. लागलीच तर हाताशी असावी म्हणून." त्यानंतर मी घोडे पाहिलेच नाहीत. दर वेळी ती गाडीच पाहिली, ती कुठं थांबते का ते.

मुलींची शर्यत आली. आधी घोड्यांना एका गोलात फिरवून आणतात. मी कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. तिच्या हेल्मेटवर हिरवी टोपी, अंगात हिरवा सदरा, पाठीवर आणि घोड्याच्या कापडावर तीनचा आकडा. काळसर रंगाचा, उंच घोडा, मान झटकणारा, तोंडाला फेस. त्याच्यावर ती एवढीशी. ती माझ्यापासून दोन हातांवरून गेली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा चेहरा मी जन्मापासून पाहते आहे, पण तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. मला ओरडावंसं वाटलं की उतर, घरी चल. पण सर बाजूला उभे होते, लोक फोटो काढत होते, आणि मी नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मागं खुर्चीवर आले तेव्हा टोपीवाल्या बाईनं विचारलं, "तुमचा कोणता?" मी म्हटलं, "तीन." ती म्हणाली, "अरे वा, हिरवा! मग माझापण तीन." ती माझी पोरगी आहे, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोंडातून दुसरंही काही बाहेर पडलं असतं.

घोडे सुटले आणि लांबच्या वळणाकडे गेले. तिथं झाडांची रांग आहे, पलीकडचं नीट दिसत नाही, नुसती धूळ आणि रंगांचे ठिपके. कर्ण्यावरचा माणूस भराभरा नावं घेत होता. मग तो मध्येच थांबला. एका श्वासाएवढाच थांबला असेल, पण सगळा मंडप उभा राहिला. मी बसलेलीच राहिले. माझ्यापुढं सगळ्या पाठी. शेजारची बाई टाचांवर उंच होऊन ओरडली, "पडली! अहो, कोणीतरी पडली!" तिच्या आवाजात मजा होती. त्यात तिचा काही दोष नाही, तिच्या लेखी ती मुलगी म्हणजे एक रंग होता. मी खुर्चीचा हात धरून कशीबशी उभी राहिले. वळणातून घोडे बाहेर आले आणि सगळ्यांच्या पुढं जो घोडा होता, त्याच्यावर कोणी नव्हतं. रिकिबी त्याच्या पोटावर आपटत होत्या, लगाम गळ्यात लोंबत होता. ओझं नव्हतं म्हणून तो सगळ्यांहून जोरात पळत होता. मागं काही पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी मारली. तो आमच्या समोरून गेला. काळसर. कापडावर तीन.

"माझी पोरगी हाये ते," मी म्हटलं. एवढी वर्षं कचेरीत शुद्ध बोलत आले, पण त्या वेळी तुझीच भाषा बाहेर आली. त्या बाईनं काळा चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं आणि माझं मनगट धरलं. तिनं मला त्या खुर्च्यांमधून, माणसांमधून, पायऱ्यांवरून ओढत खाली नेलं. तिची टोपी कुठंतरी पडली, ती वळलीसुद्धा नाही. कठड्यापाशी गणवेशातल्या माणसानं आडवा हात केला, "मॅडम, अंदर अलाऊ नहीं है." ती त्याच्या अंगावर ओरडली, "माँ है उसकी! हट बाजू!" आणि तिनंच ते फाटक उघडलं. गवतातून मी धावले. माझी चप्पल सुटली. पांढरी गाडी झाडांपाशी थांबली होती. दिवसभर जिच्याकडे पाहत होते तीच गाडी, आणि आता ती थांबली होती. मला तिच्यापर्यंत पोचायचंच नव्हतं, माय. पाय धावत होते आणि आतून मी म्हणत होते की हे गवत संपू नये. जोवर पोचत नाही तोवर ती जिवंत आहे. दादाला काढलं तेव्हा तूही शेतातून धावत आली होतीस. तुलाही असंच वाटलं होतं का?

ती उताणी पडली होती. दोन माणसं गुडघ्यांवर बसून तिची मान धरून होती. चेहरा मातीनं भरलेला, डोळे मिटलेले. मी तिच्या बुटापाशी बसले, कारण तेवढीच जागा मोकळी होती, आणि बूट दोन्ही हातांत धरला. बूट हलला. मग बारीक, चिडका आवाज आला, "आई, हेल्मेट काढू देऊ नको वं कोणाले. डॉक्टर पाहेपर्यंत." आवाज असा, जसं काही स्वयंपाकघरातून सांगते आहे की दूध उतू जातंय. मी "नाही काढू देत" म्हटलं आणि मला उलटी झाली, तिथंच गवतात. त्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. दवाखान्यात हाडांचे फोटो काढले. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, एका फासळीला तडा. बाकी काही नाही. ती बाई फोटो हातात येईपर्यंत आमच्यासोबत बाकावर बसून होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

हे संध्याकाळी आले. त्यांनी तिला वरणभात भरवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बस झालं आता." ती भिंतीकडे पाहत राहिली. मी ताट उचललं.

चार दिवसांनी सरांचा फोन आला, माझ्या नंबरवर, मी कचेरीतून निघत असताना. म्हणाले, ती स्वतःच्या चुकीनं पडली नाही, घोड्याचा पाय घसरला. पडेपर्यंत तिनं त्याला फार सुरेख सांभाळलं, लोकांनी विचारणा केली आहे. हाड जुळलं की तिला पुण्याला पाठवा, तिथं चांगलं शिकवणारे आहेत, मी शब्द टाकला आहे. "तिला आत्ता त्रास देत नाही. तुम्हीच सांगा, आणि बरं वाटलं की फोन करायला लावा. मी थांबतो." मी "हो" म्हटलं. आभारही मानले. बसमध्ये ठरवलं की घरी गेल्यागेल्या सांगायचं, काय होईल ते होवो. दार तिनंच उघडलं, एका हातानं, दातांत कडी धरल्यासारखा चेहरा करून, आणि मी तिला विचारलं, गोळी घेतली का.

आज रविवार. दुपारची जेवणं झाली आहेत, हे बाहेर गेले आहेत, मी ओट्याशी उभी राहून हे लिहिते आहे. कुठं पाठवणार? लिहून झालं की घडी करून तांदळाच्या डब्याखाली सारीन. आता ती उठली आहे. अर्धवट झोपेत पाय ओढत स्वयंपाकघरात येते, माठातलं पाणी घेते. मी कागदावर परात पालथी घालते आणि मेथी निवडायला लागते. ती दाराला टेकून उभी राहते.

"आई, सरांचा फोन नाही आला का वं?"

मी मान वर करत नाही.

"नाही," म्हणते. "कोणाचाच नाही आला."