प्रेशर आणि माझा चौथरा

३ मार्च, सोमवार

बसलो! लिलावाच्या ऐन मध्यात, गुलाबाच्या बोलीवर, अख्ख्या फूलबाजारासमोर — पाण्याच्या बादलीत बसलो! दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. एकवार, दोनवार म्हणून झालं होतं. तीनवार बादलीतून म्हणालो.

लोक हसले. मीही हसलो. मग उठता येईना, तेव्हा कोणीच हसेना.

दवाखान्यात प्रेशर मोजलं — एकशे ऐंशीच्या वर! नर्सबाईंचा विश्वास बसला नाही, दुसऱ्या हाताला पट्टा लावला. तो हातही फितूर निघाला. मालक म्हणाले, "डॉक्टर हो म्हणेपर्यंत चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही." अहो, लग्नाच्या आधीपासून त्या चौथऱ्यावर उभा राहून मी फुलं विकतोय. खाली उभं राहून काय करतात, ते मला येत नाही.

५ मार्च, बुधवार

गोळ्या सुरू. घरात मीठ बंद. ही म्हणाली, "तुमच्या एकट्यासाठी वेगळं कशाला, सगळेच अळणी खाऊ." आता चेहरेही अळणी झालेत.

मेहुण्याने प्रेशर मोजायचं मशीन आणलंय. पट्टा आवळायचा आणि कानाशी येऊन विचारायचं, "घाबरलात का भाऊजी?" आकडा चढतो. "बघा!" म्हणतो, पुन्हा मोजतो. आणखी चढतो. शेवटी पोरीने मामाला खोलीबाहेर काढलं, कडी लावली, मग मोजलं. जरा उतरला होता! डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या — माणूस घाबरला की अॅड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, रक्ताच्या नळ्या आवळतात. त्यांनी मेहुण्याचं नाव घेतलं नव्हतं, एवढंच.

९ मार्च, रविवार

एक मजा लक्षात आली. घरात माझ्याशी कोणी वादच घालत नाही!

म्हटलं, पंखा पाचवर. पाचवर केला. म्हटलं, बातम्या बंद. बंद. म्हटलं, हिचा भाऊ घोड्यासारखा हसतो. भाऊ समोरच होता. "बरोबर आहे भाऊजी," म्हणाला. ही तर मान डोलावते! सकाळभर राजासारखा वागलो. दुपारी करमेना. कोणी उलट बोलत नाही ते घर कसलं!

विचारलं, माझ्या जागी लिलाव कोण पुकारतंय? ही म्हणाली, "असेल कोणीतरी." पोरगी लगेच मशीन घेऊन आली — "बाबा, प्रेशर!"

कोणीतरी म्हणजे कोण? बाजारात मला ज्याची भीती वाटावी असा एकही गळा नाही. तरी भीती वाटली. दिवसभर तेच डोक्यात.

१४ मार्च, शुक्रवार

रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाईंनी ते वाचले, उलटे करून पाहिले, पुन्हा वाचले.

मग मला समजावलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. ती आल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडते. त्याचा हुकूम एकच — मीठ बाहेर टाकू नका! मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, आणि बिचाऱ्या हृदयाला जोर काढावा लागतो. वर पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. म्हणून पोटऱ्यांत गोळे. म्हणून ठोके चुकतात.

"पण तुमच्या रक्तात हे हार्मोन जवळजवळ नाहीच!" बाई म्हणाल्या. "हुकूम देणारा जागेवर नाही आणि हुकूम तर पाळला जातोय."

विचारलं — तंबाखू? नाही. दारू? नाही. मीठ? बंद. कसल्या बाहेरच्या गोळ्या? छे! मी म्हटलं, "बाई, मी तोंडात वावगं काही घालत नाही."

"मग आत्ता तोंडात काय आहे?"

ज्येष्ठमध होतं.

म्हटलं, हे काय खाणं झालं? हा तर गळा! लिलाव पुकारणारे आम्ही सगळेच चघळतो. उठल्यापासून झोपेपर्यंत एक कांडी गालात असतेच. शिवाय ही सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचाच काढा देते. आजारी पडल्यापासून तर दुपारचाही!

बाईंनी चष्मा काढला. "थुंका आधी," म्हणाल्या. लहान मुलासारखा थुंकलो.

कॉर्टिसॉल म्हणून दुसरं हार्मोन असतं. त्याला मूत्रपिंडाच्या दारावर अडवायला एक पहारेकरी आहे. ज्येष्ठमध त्या पहारेकऱ्यालाच झोपवतं. मग कॉर्टिसॉल खुशाल आत शिरतं आणि आल्डोस्टेरॉनच्या खुर्चीत बसून तेच हुकूम सोडतं. म्हणजे मी इतके दिवस शत्रू गालात घेऊन हिंडत होतो!

घरी सांगितलं. ही मटकन खाली बसली. "अहो, मीच पाजत होते ना तुम्हाला!" रडायलाच लागली. मी समजूत काढली. छान कढत असायचा काढा. खरंच सांगतो, मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

१५ मार्च, शनिवार

ज्येष्ठमधाची बरणी हिने कचऱ्यात टाकली. मी बघितलं नाही. (बघितलं.)

२० मार्च, गुरुवार

गळा घोगरा. गुळण्या करतोय. न्हाणीघरात सराव केला — साबण लिलावात काढला! "एकवार! दोनवार!" भिंतीपलीकडून शेजारचे काका ओरडले, "वापरलेला आहे का?"

आवाज फुटतोय. मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. घाबरलोय. मेहुण्याने विचारायच्या आधीच लिहून ठेवतो.

२ एप्रिल, बुधवार

एकशे अडतीस. पोटऱ्या शांत. एक गोळी बंद झाली. मेहुण्याशी पंख्यावरून भांडलो. ही हिच्या भावाच्या बाजूने! काय बरं वाटलं म्हणून सांगू!

९ एप्रिल, बुधवार

एकशे चोवीस! बाई म्हणाल्या, सगळ्या गोळ्या बंद. ज्येष्ठमधाला जन्मात हात लावू नका. कामावर खुशाल जा.

घरी येऊन नाचायचंच बाकी होतं. पण ही पोरीकडे बघते, पोरगी जमिनीकडे. "आठवडाभर अजून आराम करा ना," ही म्हणाली. का? "सहज आपलं." सहज कसलं! काहीतरी शिजतंय. मालकांनी तो कोणीतरी कायमचा ठेवला असणार, आणि मला सांगायची कोणाची छाती होत नाहीये.

उद्या न सांगता जाणार. चौथरा मागून घेणार.

१० एप्रिल, गुरुवार

फाटकातच बोली ऐकू आली. बाजार गप्प होता. माझ्या वेळी कधी गप्प नसायचा. खांबाआडून पाहिलं.

चौथऱ्यावर आमची पोरगी! मला सांगितलेलं — पहाटे पोहायला जाते.

ओरडत नव्हतीच ती. हळू बोलत होती, आणि मागची रांग मान पुढे काढून ऐकत होती. मी हात वर केला. थांब म्हणायला की शाबास म्हणायला, मला अजून ठरवता येत नाही; लिलावात मात्र वर गेलेला हात म्हणजे बोली. तिने मला पाहिलं. पांढरीफटक पडली. मग श्वास घेतला — "तीनवार! शेवंती, चौदा पेट्या, खांबापाशी उभ्या बाबांना!"

मालकांच्या खोलीत गेलोच नाही. हातगाडी मागवली आणि पेट्या भरायला लागलो.