म्हशीचा सूर्य

हडपसर, पुणे २८
१६ नोव्हेंबर २००३

ती. दादामियाँ यांस,
दिगंबरचा सलाम.

मी ठीक आहे. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. हे पत्र तुमची नात नसीमबानू वाचून दाखवत असेल. बानू, मधे माझ्याविषयी वाईट आलं तरी काही गाळू नकोस.

माझी चित्रं आता विकली जातात. इथल्या एका कॉम्प्युटर कंपनीने दहा घेतली. पुढच्या रविवारी त्यांच्याच इमारतीत प्रदर्शन आहे. चित्रं कसली, तर खडकवासल्याच्या पाण्यावर खुर्च्या टाकून बसलेली माणसं, शनिवार पेठेवरून उडणारी शिलाई मशिनं. रंगवलेलं अगदी खरं, फक्त प्रत्येकाची सावली निराळ्या दिशेला. जाणकारांना त्यात युरोप दिसतो. दिसत असेल. मी हडपसरच्या पुढे फारसा गेलेलो नाही.

परवा मुलाखतीला आलेल्या बाईंनी विचारलं, "सर, इन्फ्लुएन्स कोणाचा? म्हणजे, कोणाच्या हाताखाली शिकलात?"

"कोणाच्याच नाही," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शनिवार पेठेतल्या रावसाहेबांच्या डेअरीचा बोर्ड तुम्ही विसरला नसाल. नऊ वर्षं झाली. अक्षरं तुमची, म्हैस माझी. अक्षरांची सावली उजवीकडे आणि म्हशीची डावीकडे. रावसाहेब शिडीखाली उभे राहून ओरडले, "काय हो, पुण्यात दोन सूर्य कधीपासून उगवायला लागले?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "अक्षराचा सूरज वेगळा, म्हशीचा वेगळा."

चूक माझी होती आणि तुम्ही ती सावरून घेत होतात. तरी मी घाबरून ती तुमच्यावर ढकलली, "मालक, ह्यांना वाचताच येत नाही. नुसती अक्षरं गिरवतात." वीस वर्षं पेठेला जे कळलं नव्हतं ते मी भर रस्त्यात सांगितलं. तुम्ही ब्रश पुसलात, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. पुढे दुकानदार तुमच्याकडे यायचे थांबले. मी लोकांना सांगत आलो की फ्लेक्स आला आणि दादामियाँचं काम गेलं. फ्लेक्स नंतर आला.

मला लाज वाटते. तुमच्या त्या एका वाक्यावर मी दहाच्या दहा चित्रं काढली आणि तुमचं नाव घेतलं नाही. बाईंना फोन करून उत्तर बदलायला सांगितलंय.

प्रदर्शनाच्या दारावरचा बोर्ड कंपनी फ्लेक्सवर छापून घेणार होती. मी नको म्हणालो. पत्र्यावर सरळ रेघांसाठी खडूची दोरी मारून, तुम्ही शिकवलंत तसा हाताने रंगवला. रविवारी रिक्षा पाठवतो, बानूला घेऊन या. बोर्डावर माझ्या नावाच्या वर आणखी एक नाव आहे. कोणाचं ते बानूला विचारावं लागणार नाही. त्याची सावली उजवीकडे आहे. शेजारी म्हैस आहे, तिची डावीकडे.

तुमच्या हाताखालचा,
दिगंबर